३ गोळ्या एकाच भोकात, पुढच्या आठवड्यात ग्रुप फुटला. रीलोडिंगमध्ये माझं काय चुकतंय?

ठिपका_३००

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही म्हणून बैजवार लिहितोय.

माझ्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट अ‍ॅक्शन आहे, जड बॅरल, बेंचवर बसून पुढे बायपॉड आणि मागे वाळूची पिशवी लावून १०० मीटरवर मारतो. फॅक्टरीची मॅच काडतुसं ५ शॉटला ३० ते ३५ मिमीत पडायची (ग्रुप म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर). मला ३०० मीटरला उतरायचंय, तिथला दहाचा गोल १०० मिमीचा असतो, आणि १०० ला ३५ म्हणजे ३०० ला १०५, म्हणजे काडतूसच गोलाच्या बाहेर जातंय, वारा आणि माझा हात अजून धरलेलाच नाही. म्हणून परवानगीचं सगळं रीतसर करून चार महिन्यांपूर्वी स्वतः काडतुसं भरायला (रीलोडिंग) लागलो.

पहिल्याच महिन्यात एका लोडने (पावडर, बुलेट, प्राइमर यांची ठरलेली जोडणी) ३ शॉट ११ मिमीत टाकले. मी ते टार्गेट घरी आणून जपून ठेवलं. पुढच्या आठवड्यात तीच पावडर, तेच वजन, तीच बुलेट, आणि ३ शॉट ३८ मिमी!! मग प्राइमर (पावडर पेटवणारी टिकली) बदलला, सुधारलं, परत बिघडलं. मग बुलेट जरा आत बसवून बघितली, मग जरा बाहेर, पावडर ०.२ ग्रेनने (ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग) वर खाली केली (मॅन्युअलच्या मर्यादेतच, त्याच्या वर कधीच गेलो नाही), असं करत करत ११ कॉम्बिनेशन झाली, २०० च्या वर शॉट गेले, बॅरल झिजतंय ते वेगळंच, आणि आज मला विचाराल यातलं चांगलं लोड कुठलं तर मला खरंच सांगता येत नाही.

सामान: सिंगल स्टेज प्रेस, फुल लेंग्थ डाय, म्हणजे फायर झालेली पुंगळी दाबून परत मापात आणणारा साचा (बॉक्सवर लिहिलंय तशी शेलहोल्डरला, म्हणजे पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला, टेकवून वर पाव फेरा), छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, पावडर मेझर, कॅलिपर, ट्रिमर. पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या, आता पाचव्यांदा भरतोय. लांबी ५१.१८ मिमीच्या वर गेली की ५०.९३ ला आणतो. काही पुंगळ्यांवर बुडाच्या जरा वर एक चकचकीत रेघ यायला लागलीय, डाय घासत असेल.

कुणाचं .३०८ मध्ये खात्रीने चालणारं लोड असेल तर तेच सांगा, सरळ तेच भरतो.

मोजून_मारा

लोड कुणीच सांगू नका आणि ठिपका, तुम्हीही मागू नका. माझ्या चेंबरमध्ये (बॅरलच्या मागची काडतूस बसायची जागा), माझ्या पितळात, माझ्या पावडरच्या लॉटमध्ये जे बिनधोक आहे ते तुमच्या रायफलमध्ये जास्त दाबाचं ठरू शकतं, एकाच नावाच्या पावडरच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक असतो. पावडर बनवणाऱ्याचं किंवा बुलेट बनवणाऱ्याचं मॅन्युअल, त्यातला सुरुवातीचा आकडा, तिथून हळूहळू वर. तुम्ही ते करताच आहात.

आता मूळ दुखणं. तुमचं लोड चार महिन्यांत कदाचित एकदाही बदललेलं नाही, बदललंय ते फक्त नशीब. ३ शॉटचा ग्रुप हा फार फसवा प्रकार आहे. समजा एखाद्या रायफल आणि काडतुसाचे ५ शॉटचे ग्रुप सरासरी २५ मिमी पडतात. म्हणून प्रत्येक ग्रुप २५ चा येतो का? नाही. काहीही न बदलता तीच जोडी एकदा १५ दाखवेल, एकदा ३५ दाखवेल, आणि दोन्ही आकडे अगदी नेहमीचे आहेत. ३ शॉटला तर याहून वाईट. तुम्ही १५ आला की म्हणता सापडलं आणि ३५ आला की प्राइमर बदलता.

दुसरं असं की शॉट वाढले की ग्रुप मोठा होणारच, कारण आपण सगळ्यात लांबची दोन भोकं मोजतो. एकाच लोडचा १० शॉटचा ग्रुप ३ शॉटच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून थोडा जास्तच भरतो. म्हणजे तुमच्या ३ शॉटच्या लोडची फॅक्टरीच्या ५ शॉटशी तुलना करायची तर मुळात फूटपट्टीच वेगळी झाली.

करायचं काय तर ११ पैकी एक लोड घ्या, कुठलंही, जे मधल्या वजनाचं आहे आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) हलका उघडतो ते. त्याचे २० शॉट, पाचाचे चार ग्रुप, मध्ये बॅरल थंड होऊ द्या. फॅक्टरीचेही २० तसेच, त्याच दिवशी, आलटून पालटून, नाहीतर सकाळचा वारा आणि दुपारची हवेची थरथर एकाच्याच खात्यात जाते. चारांची सरासरी काढा, आणि एखादा शॉट "माझ्यामुळे गेला" म्हणून वगळायचा नाही, ट्रिगर सुटायच्या आधी तुम्ही तसं बोलला असाल तरच. हे केल्यावर आपण बोलू. त्याआधी पुढचं कॉम्बिनेशन भरू नका.

पितळी

ठिपका, वरचं सगळं बरोबर आहे पण ते नंतर. आधी त्या पुंगळ्या बाजूला काढा. आजच. रेंजवर जाऊ नका.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना, बुडाच्या वर चकचकीत रेघ, ती डायची घासण नाहीये असं मला वाटतंय. घासण असेल तर उभे ओरखडे पडतात किंवा बुडाजवळ एक पट्टा गुळगुळीत होतो. बुडापासून साधारण ८-१० मिमी वर, गोल, बारीक, बाकी पितळापेक्षा उजळ रेघ म्हणजे तिथलं पितळ आतून ताणून पातळ होत चाललंय. पुढच्या कुठल्यातरी शॉटला पुंगळी तिथेच दोन तुकडे होते, पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो आणि गरम गॅस मागे, तुमच्या तोंडाकडे यायला वाट शोधतो. माझ्यासोबत हे झालंय. चष्मा होता म्हणून डोळा वाचला, गालावर बारीक भाजल्याचे डाग पडले आणि चेंबरमधला तुकडा काढायला रायफल आठ दिवस दुसऱ्याच्या टेबलावर पडून होती.

बघायचं कसं: एक पेपर क्लिप सरळ करा, तिचं टोक काटकोनात वाकवा आणि कानशीने टोकदार करा. ते पुंगळीत तळापर्यंत घाला आणि आतल्या भिंतीला टेकवून हळू वर ओढा. टोक कुठे खाचेत अडकल्यासारखं वाटलं की ती पुंगळी संपली. खात्री करायची असेल तर एक उभी कापून बघा, डोळ्यांना दिसतं.

असं का होतं ते पण सांगते, कारण याचा अ‍ॅक्युरसीशी थेट संबंध आहे. फायर झाल्यावर दाबाने पुंगळीची पुढची भिंत चेंबरला घट्ट चिकटते, आणि बूड मागे बोल्टपर्यंत सरकतं. बूड आणि बोल्टमध्ये जेवढी जागा असेल तेवढं पितळ मधल्या पातळ भागातून ताणलं जातं. ही जागा कोण तयार करतं? तुमची डाय. "टेकवा आणि वर पाव फेरा" ही सूचना कंपनी लिहिते कारण तिला जगातल्या कुठल्याही चेंबरमध्ये बसेल अशी पुंगळी हवी असते, तुम्हाला मात्र फक्त तुमच्या चेंबरमध्ये बसणारी हवीये. पाव फेऱ्याने खांदा (पुंगळी जिथे निमुळती होते तो उतार) गरजेपेक्षा बराच मागे ढकलला जातो, मग फायर झाला की पुढे, डायमध्ये मागे, पुढे, मागे, असं पाच वेळा केलं की रेघ दिसतेच.

उपाय स्वस्त आहे. कॅलिपरला लावायचा खांद्याचा कंपॅरेटर मिळतो. फायर केलेल्या चारपाच पुंगळ्यांचा जळका प्राइमर आधी काढून टाका (तो बाहेर आलेला असला तर माप चुकतं) आणि बुडापासून खांद्यापर्यंत मोजा. डाय मागे फिरवून सैल करा आणि थोडी थोडी खाली आणत एकेक पुंगळी ओढा. आणि एक सावध करते, खांदा मागे जायच्या आधी माप क्षणभर वाढतं कारण अंग दाबलं जाऊन पितळ वर सरकतं, तेव्हा घाबरू नका, अजून जरा खाली या. फायर केलेल्या मापापेक्षा ०.०५ मिमी कमी झालं की थांबा आणि डायची रिंग घट्ट करा. बोल्ट अ‍ॅक्शनला एवढं पुरतं. बोल्ट बंद होताना जड लागला तर अगदी केसभर अजून.

मानेचं (पुंगळीचा बुलेट धरणारा अरुंद भाग) नंतर लिहिते, आधी पुंगळ्या बघून इथे सांगा.

ठिपका_३००

ताई, हातातलं सगळं सोडून क्लिप वाकवली. ५ पुंगळ्यांमध्ये टोक अडकतंय, एकीत तर स्पष्ट खट्ट लागतंय. रेंजचं रद्द केलं. कंपॅरेटर एका मित्राकडून उद्या आणतोय. मनापासून आभार, मी हे प्रश्न म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं.

जुनी_नळी

पितळींनी लाखमोलाचं सांगितलं. मी बेंचवरच्या दोन गोष्टी सांगतो आणि मोजून_मारा यांच्याशी थोडं भांडतो.

पहिली गोष्ट काटा. छोटे इलेक्ट्रॉनिक काटे ०.१ ग्रेन दाखवतात पण तेवढे खरे असतीलच असं नाही. चालू केल्या केल्या वजन करायला बसू नका, अर्धा तास गरम होऊ द्या. पंखा बंद, खिडकी बंद, मोबाईल लांब. दर १० चार्जनंतर शून्य बघा आणि माहीत असलेलं छोटं वजन ठेवून बघा, ते सोबतच येतं. तुम्ही ०.२ च्या पायऱ्या चढताय आणि काटाच जर ०.२ ने सरकत असेल तर तुमच्या ११ कॉम्बिनेशनपैकी निम्मी एकच आहेत. नव्या लोकांसाठी अजून एक, ग्रेन आणि ग्रॅम यांची गल्लत जीवघेणी आहे. एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन. ग्रेन म्हणजे जुन्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त, इतकी बारीक गोष्ट आहे ती. काट्याचं बटण चुकून दाबलं जाऊन एकक बदलतं, म्हणून दर वेळी पडद्यावर बघूनच सुरू करा. आणि टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, काम झालं की मेझरमधली पावडर लगेच त्याच डब्यात परत.

लांब काडीची पावडर असेल तर मेझर ती सारखी टाकत नाही, काड्या कापल्या जातात, हाताला कचकच जाणवते. त्यामुळे थोडं कमी टाकून उरलेलं ट्रिकलरने (दाणा दाणा पावडर टाकणारं साधन) काट्यावर पूर्ण करायचं. भरून झालं की ट्रे उजेडाखाली धरून सगळ्या पुंगळ्यांत वरून बघायचं, एखादी रिकामी किंवा वेगळ्या उंचीची लगेच दिसते. हे मी इतक्या वर्षांनंतर आजही करतो.

दुसरी गोष्ट बुलेटची खोली. तुम्ही "जरा आत जरा बाहेर" कशावरून मोजलंत? कॅलिपरने टोकापासून मोजलं असेल तर ते माप सोडून द्या. होलो पॉइंट मॅच बुलेटची टोकं एकसारखी नसतात, आणि सीटिंग डाय टोकाला धरतच नाही, ती खालच्या वळणाला धरते. बुलेटच्या वळणाचा वेगळा कंपॅरेटर येतो, त्याने बुडापासून वळणापर्यंत मोजा. मॅगझिनमध्ये मावतंय का एवढं बघायला फक्त टोकापासूनचं माप. आणि बुलेट बाहेर काढत काढत रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा) टेकवलीत तर दाब उडी मारून वाढतो, त्यामुळे टेकवायची झाली तर पावडर परत खालून सुरू करावी लागते, आहे त्याच वजनावर नाही.

आता भांडण. मोजून_मारा म्हणतात तसं सगळं नशीबच असतं तर ऑडेट यांची लॅडर टेस्ट इतकी वर्षं लोक का करतायत? वजन एकेक पायरी वाढवत लांबच्या टार्गेटवर एकेक शॉट मारायचा, जिथे दोनतीन पायऱ्यांचे शॉट एकाच उंचीवर पडतात तिथे बॅरलची थरथर तुमच्या बाजूने आहे. मला याचा फायदा झालाय.

मोजून_मारा

नळीसाहेब, मीही वर्षभर लॅडर केली. पण प्रत्येक पायरीला एकच शॉट असतो, आणि मुळात ३० मिमीत पसरणाऱ्या रायफलचे १० शॉट उभे मांडले तर दोनतीन शेजारी एका उंचीवर येणारच, बॅरल थरथरो वा न थरथरो. मी तीच लॅडर तीन वेळा मारली, तीन वेळा सपाट जागा वेगळ्या वजनावर आली. तुमच्याकडे दर वेळी त्याच जागी येत असेल तर मी मानेन.

वेगाबद्दल हिशेब द्यायचाच राहिला, तो ठिपकांच्या कामाचा आहे. बुलेट ८०० मी/से ने निघाली आणि दोन शॉटमध्ये ८ मी/से चा, म्हणजे १ टक्क्याचा फरक पडला. गुरुत्वाकर्षणाने बुलेट किती खाली येते ते उडण्याच्या वेळाच्या वर्गावर असतं, त्यामुळे १ टक्का वेगाचा खाली येण्यात साधारण २ टक्के फरक. १०० मीटरला बुलेट जेमतेम ८ सेंमी खाली येते, त्याचे २ टक्के म्हणजे २ मिमीसुद्धा नाही, कागदावर दिसणारच नाही. ३०० ला तो दीड सेंमी होतो आणि ६०० ला ८ सेंमीच्या घरात जातो. .३०८ च्या पुंगळीत ०.१ ग्रेनने वेग २ मी/से च्या आसपास हलतो. म्हणजे तुमचा काटा कितीही सरकला तरी १०० मीटरवर ११ चे ३८ मिमी त्याने केले नाहीत. काटा सुधारा, ३०० ला तो हवाच आहे, पण १०० च्या ग्रुपवर त्याला दोष देऊ नका.

जुनी_नळी

तीनदा त्याच जागी येते का हे मी कधी बघितलं नाही, खरं आहे ते. या मोसमात बघतो. ८ मी/से च्या हिशेबावर मात्र एकमत.

पितळी

मानेबद्दल. बुलेट सोडताना प्रत्येक मानेने सारखंच धरलेलं असलं पाहिजे, माझ्या अनुभवात पावडरच्या दशांशापेक्षा हे जास्त काम करतं. पुंगळी पाच वेळा फायर आणि साइझ झाली की मानेचं पितळ कडक होतं, डायमधून निघाल्यावर थोडं परत उघडतं, आणि प्रत्येक पुंगळीत वेगवेगळं. बुलेट बसवताना प्रेसच्या दांड्याकडे लक्ष द्या, एक लोण्यासारखी जातेय आणि दुसरी रुतत रुतत, असं असेल तर तेच कारण. मग अ‍ॅनीलिंग (तापवून पितळ परत मऊ करणं) करायचं, पण फक्त मान आणि खांदा, मशीनवर किंवा कुणा जाणत्याच्या हाताखाली. बूड कधीही तापू द्यायचं नाही. बूड मऊ झालेली पुंगळी दाब धरत नाही आणि ते बाहेरून कळतही नाही.

दुसरं, डायच्या आतला गोळा (एक्सपांडर) कोरड्या मानेतून ओढला की मान वाकडी करतो आणि खांदा पुढे खेचतो, मग तुम्ही काढलेलं ०.०५ चं माप वाया. मानेच्या आत ब्रशने थोडं ग्राफाइट लावा. पुंगळ्या वजनाने वेगळ्या करणं, फ्लॅश होल (प्राइमरची आग पावडरकडे जायचं भोक) साफ करणं वगैरे मी पण केलं, १०० मीटरवर मला तरी फरक दिसला नाही.

आणि प्राइमरच्या धुरात आणि टंबलरच्या (पुंगळ्या घासून साफ करायचं यंत्र) धुळीत शिसं असतं. टंबलर घरात चालवू नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका, घरात लहान मुलं असतील तर कपडेसुद्धा वेगळे.

नवा_नेमबाज

मध्येच विचारतो, मी .२२ मारतो, ५० मीटर. आम्हाला यातलं काही करता येतं का?

मोजून_मारा

भरता येत नाही. .२२ मध्ये प्राइमरचा मसाला कडेच्या घडीत असतो, फायरिंग पिन तीच चेपते, परत वापरण्यासारखं काही उरत नाही. तुमच्यासाठी खेळ लॉट निवडायचा. एकाच काडतुसाचे चारपाच लॉट थोडे थोडे घ्या, प्रत्येकाचे ४०-५० शॉट सलग एका बसण्यात मारा, जो तुमच्या बॅरलला मानवला तो भरपूर घेऊन ठेवा. तिथला दहा १०.४ मिमीचा, त्यामुळे ५ शॉटवर निवड करू नका, वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

ठिपका_३००

सहा आठवड्यांनी लिहितोय. एक पुंगळी हॅकसॉने उभी कापली. बाहेर रेघ होती तिथे आतून घळ पडलीय, भिंत निम्मीसुद्धा राहिलेली नाही. डाय मोजली तर मी दर वेळी खांदा ०.२ मिमी मागे ढकलत होतो, ०.०५ ऐवजी. पाचव्यांदा भरलेला सगळा लॉट बाजूला काढला, नवीन १०० पुंगळ्या घेतल्या.

मग सांगितलं तसं एक मधलं लोड. नवीन पुंगळ्या त्यावर एकदा फायर करून घेतल्या, त्यांच्यावर डाय लावली, काटा अर्धा तास गरम, माप बुलेटच्या वळणापासून. एकाच सकाळी फॅक्टरीचे चार आणि माझे चार, पाचाचे, आलटून पालटून. फॅक्टरी २९, ४१, ३३, ३५. माझे २१, ३०, १९, २६. सरासरी ३४.५ विरुद्ध २४. माझ्यातही १९ आणि ३० आहेत, पूर्वी मी १९ वर नाचलो असतो आणि ३० ला सगळं बदललं असतं. ११ मिमीचं ते टार्गेट भिंतीवरून काढलं, त्या जागी हे चार कागद लावलेत. ३०० ला पहिल्यांदा पुढच्या महिन्यात.

एकच विचारायचं राहिलं. जुन्या सगळ्या पुंगळ्या क्लिपने तपासल्या, रेघ नसलेल्या ठेवू का?

पितळी

छान काम केलंत, आकडे वाचून खरंच बरं वाटलं. त्या ठेवू नका. सगळ्यांना तेवढंच ताणलंय, काहींना रेघ आधी आली एवढंच. आणि भंगारात तशाच टाकू नका, कुणीतरी उचलून भरेल. पक्कडने माना चेपा, मग टाका.

ठिपका_३००

चेपल्या. सगळ्या ६४.